पान सत्तेचाळीस आणि उजवी बाही

१

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या नोंदवहीतलं एक पान नाहीसं झाल्याचं कळलं आणि दहा पस्तीसला एका मुलीला खोटारडी ठरवून लोक मोकळे झाले. पाच मिनिटांत. तेवढ्या वेळात माझा चहासुद्धा उकळत नाही.

मी क्षिप्रा. कोपरच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि गेल्या जूनपासून गाईड पथकाची कॅप्टन आहे. स्वस्थ बसणं माझ्या कुंडलीत नाही. काळजी वाटली की मी गळ्यातल्या शिट्टीची दोरी चावते, आणि त्या दिवशी ती दोरी दुपारपर्यंत टिकली हेच नवल.

राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिरासाठी आमच्या चार मुली निवडायच्या होत्या. त्याआधी गणवेश तपासणी. प्रत्येक बिल्ला ठरलेल्या जागी आहे का, आणि तो खरोखर मिळवलेला आहे का, हे बघायला ठाण्याहून सुमती गुप्ते आल्या होत्या. वय सत्तर, नौपाड्यातल्या एका शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवलेलं, पर्समध्ये सुई ओवायचं भिंग. दोन वाजेपर्यंत त्यांनी यादीवर सही करून पाठवायची होती. नाव राहिलं तर थेट पुढच्या वर्षी. आणि दहावीतल्या मुलींना पुढचं वर्ष नसतं.

पहिला भाग छान पार पडला. खांद्यावरची पट्टी, गळ्यातला स्कार्फ, उजव्या बाहीवरची प्रावीण्यपदकं, म्हणजे गोल कापडी बिल्ले. सुमतीबाई ऋजुताच्या बाहीपाशी थांबल्या आणि चक्क हसल्या. "वा! वर तीन, खाली दोन, आणि अंतर कसं मोजून घेतल्यासारखं. आज पाहिलेली सगळ्यात नीट बाही."

ऋजुतानं मान खाली घातली. बाजूला उभे असलेले तिचे आजोबा खूश होतील असं मला वाटलं होतं, पण ते खिडकीबाहेर बघत होते.

हे आजोबा म्हणजे आमचे प्रभाकर सर. चाळीस वर्षं स्काउट मास्टर, आता निवृत्त, पण पथकाचा जीव. त्यांच्या खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी. तिच्यावर मोजल्याशिवाय कुठलाही बिल्ला रांगेत उभा राहिला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या छातीवरचा तिरका बिल्ला सरळ करून देणारा हा माणूस. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. शनिवारी आल्या आल्या त्यांनी माझ्या खांद्यावरच्या बिल्ल्याला पट्टी लावली आणि म्हणाले, "एक सूत पुढे गेलाय, क्षिप्रा."

मग दुसरा भाग, नोंदवहीशी पडताळणी. पहिली समिधा. तिच्या बाहीवर सहा पदकं. पाचांच्या नोंदी पटापट सापडल्या. सहावं पदक प्रथमोपचाराचं.

"माझं पान सत्तेचाळीस," समिधा म्हणाली. "सरांनी माझ्यासमोर लिहिलेलं."

आमच्या वहीत एका पानावर एकाच मुलीची परीक्षा असते. मी पानं उलटली. पंचेचाळीस, शेहेचाळीस.

त्यापुढे एकोणपन्नास होतं.

२

न मिळवलेला बिल्ला अंगावर घालणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. उशीर चालतो, मळका बूट चालतो, खोटा बिल्ला चालत नाही. म्हणून हॉल एकदम गार पडला.

"तुझी प्रगती पुस्तिका असेल ना, पदकांच्या नोंदींची?" सुमतीबाईंनी विचारलं.

"गेल्या वर्षी खाडीचं पाणी घरात आलेलं, तेव्हा लगदा झाला तिचा." समिधा म्हणाली. "पण वहीत होतं ना. म्हणून मी टेन्शन नाही घेतलं."

पालकांच्या बाकावरून देवयानीताई बोलल्या. ऋजुताची आई, म्हणजे प्रभाकर सरांची सून. पालक समितीत आहेत आणि ते कुणाला विसरू देत नाहीत. "मी काही कुणावर आरोप करत नाही हं. पण हल्ली सगळं विकत मिळतं. कल्याणला स्टेशनसमोरच्या गल्लीत जा, पहिल्या मजल्यावर, हवा तो बिल्ला तीस रुपयांत. आणि पान नेमकं हिचंच फाटलं, म्हणजे बघा."

"मी कशाला माझं पान फाडू?" समिधा ओरडली.

"त्यावर नापास लिहिलेलं असेल तर?"

दोन वर्षांपूर्वी ती परीक्षा झाली तेव्हा मी इथे नव्हतेच. मी प्रभाकर सरांकडे पाहिलं. परीक्षक तेच होते. त्यांनी एक वाक्य बोललं असतं तरी काम भागलं असतं.

"सर, तुम्हाला आठवत असेलच," मी म्हटलं.

सर पट्टी दोन बोटांत फिरवत राहिले. "शेकडो मुलांच्या परीक्षा घेतल्या, क्षिप्रा. नोंद नसेल तर माझ्या बोलण्याला काय अर्थ? नियम तो नियम."

मला धक्का बसला. सत्याऐंशी सालच्या मेळाव्यात कुणाचा स्कार्फ उलटा होता हे सांगणारा माणूस हा. वय झालं, असं मी मनाला समजावलं आणि दोरीचा आणखी एक चावा घेतला.

तेवढ्यात समिधानं केसातली पिन काढली आणि ती बाहीवरच्या त्या बिल्ल्याखाली घातली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती टाका उचकटत होती. "नको मला. घ्या काढून."

सुमतीबाई सत्तरीच्या मानानं फारच वेगानं उठल्या आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

"टाक्याला हात लावू नकोस, बाळ. या खोलीत तुझ्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच साक्षीदार आहे." मग घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "मला दोनपर्यंत वेळ आहे. वही आणा. आणि कुणीही घरी जायचं नाही."

३

त्यांनी वही खिडकीत नेली, जिथे पान होतं तिथली शिवण उघडली आणि भिंग लावलं.

"फाडलेलं नाही. ब्लेडनं कापलंय, पट्टी धरून. कड बघ किती सरळ आहे." मग नखाच्या टोकानं त्यांनी खाचेतून काहीतरी उचललं. दोऱ्याचे दोन बारीक तुकडे होते, चकचकीत.

"तुमच्या मुली कुठला दोरा वापरतात?"

"पांढरा सुती, दुहेरी. पथकाच्या डब्यातला," मी म्हटलं. "आमच्याकडे रीत आहे. जिला पदक मिळतं तिनं ते इथेच, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं शिवायचं. आईनं नाही, टेलरनं नाही. सरांनीच सुरू केली ती."

"आणि हा मशीनचा दोरा आहे. म्हणजे ज्या ब्लेडनं पान कापलं त्याच ब्लेडनं त्याआधी मशीनची शिवण उसवलेली आहे. तुकडे पात्याला चिकटून आले. आता सांग, काल ही वही कुठे होती?"

काल वही टेबलावर होती, आणि चूक माझीच. शुक्रवारी संध्याकाळी गणवेश इस्त्री करून हॉलमध्ये टांगून ठेवतो, म्हणजे सकाळी रिक्षात चुरगळत नाहीत. मी पडताळणी अर्धी टाकून फॉर्मच्या प्रती काढायला गेले. पाऊण तासानं आले, वही कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि शहाणपणानं किल्ली पर्समध्ये ठेवली. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी!

शिपाई महिपत दारातच उभा होता. "मॅडम, बाहेरचं कोणी आलेलं नाय. आईशप्पथ. देवयानीताई इस्त्री करत होत्या. त्यांनी माझ्याकडून ब्लेड मागून घेतलं, सुटलेले दोरे कापायला. मग फोन आला तशा दहा मिनिटांत गेल्या."

"आणि मग?"

"मग सर होते की. अर्धा तास. चहा विचारला तर नको म्हणाले. सुईदोरा घेऊन बसलेले. पण सरांच्या हातात सुई काय नवीन हाय का?"

माझ्या डोक्यात देवयानीताई पक्क्या झाल्या होत्या. ब्लेड त्यांनी मागितलं, बिल्ल्यांचं दुकान त्यांना मजल्यासकट पाठ, आरोपही त्यांचाच. समिधा गेली की पथकात ऋजुता पहिली. मी तसं बोलूनही टाकलं.

"तू फार घाई करतेस," सुमतीबाई म्हणाल्या. त्यांनी देवयानीताईंना बाजूला बोलावून एकच प्रश्न विचारला. "ब्लेड कुठे ठेवलंत?"

"टेबलावरच ठेवलं. परत कशाला नेऊ?" देवयानीताई फणकारल्या. "आणि त्या वहीला मी हातसुद्धा लावला नाही. मला काय गरज?"

त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण तो राग मला खरा वाटला आणि मी आणखी वैतागले. साडेअकरा वाजले होते. सुमतीबाई समिधाकडे वळल्या.

"दोन वर्षांत तू बरीच उंच झाली असशील. हा गणवेश नवीन दिसतो. जुना कुठे आहे?"

समिधा गोंधळली. "घरी असेल. आजीला विचारावं लागेल."

४

रिक्षावाल्यानं खाडीच्या अलीकडे सोडलं. पुढे रिक्षा जात नाही. बारा वाजायला आले होते, मी पुढे पळत होते आणि दर वीस पावलांनी सुमतीबाईंसाठी थांबत होते.

समिधाची आजी, आवडाबाई, बाजारातून नुकत्याच येऊन पाटी धूत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हात पदराला पुसले. "शालंच्या बाई? या, आंगनान बसा. क झाला गो? पोर रडली कशाला?"

समिधानं सांगितलं. म्हातारीच्या कपाळाची शीर उडायला लागली. "चोर म्हनला माज्या नातीला? तिचे आज्यानी सापरलेली सोन्याची नथ परत केली व्हती, समद्या कोलीवारयाला ठावं हाय."

"आवडाबाई, मला तिचा जुना गणवेश दाखवा," सुमतीबाई म्हणाल्या. "तोच बोलेल."

"तो? तो कवाच गोधरीन गेला. फेकाचा कशाला, चांगला कपरा." त्या आत गेल्या आणि रंगीबेरंगी गोधडी घेऊन आल्या. लुगड्याचे तुकडे, कुणाच्या चड्डीचा खाकी चौकोन, आणि एका कोपऱ्यात विटलेला आकाशी तुकडा. बाहीचा.

त्या विटक्या आकाशी रंगावर गडद निळे गोल ठिपके होते. बिल्ल्यांखालचं कापड उन्हात विटलं नव्हतं. एकेका ठिपक्याभोवती सुईच्या भोकांची वेडीवाकडी रांग. सुमतीबाईंनी समिधाला जवळ घेतलं, तिची आत्ताची बाही ठिपक्याशेजारी धरली आणि भिंगातून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मी पायाची बोटं मोजत होते.

"बिल्ल्याच्या कडेला भोकांच्या दोन रांगा आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हणजे हा बिल्ला दोनदा शिवला गेला. आधी या जुन्या बाहीवर, मग नव्या. जुनी रांग गोधडीवरच्या भोकांशी जुळते. इथे एकाच जागी तीन भोकं, तिथेही तीन. आणि हा तपकिरी डाग कसला?"

समिधा रडता रडता हसली. "रक्त आहे ते. पहिल्यांदाच शिवत होते ना सगळ्यांसमोर. सुई गेली बोटात. सगळे हसले. सरांनी स्वतः बोटाला पट्टी बांधली आणि म्हणाले, प्रथमोपचाराचं पदक शिवतानाच प्रथमोपचार! मग महिनाभर मला तेच चिडवायचे."

मला बरं वाटलं. बिल्ला हॉलमध्ये, रीतीप्रमाणे, दोन वर्षांपूर्वी शिवलेला होता. पोर सुटली. मी टाळी वाजवणार होते, पण सुमतीबाईंचा चेहरा बघून हात खाली आले.

"महिनाभर चिडवत होते," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आज त्यांना काहीच आठवलं नाही."

५

परतीच्या रिक्षात मी भांडले. सरांबद्दल असलं काही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. या माणसानं मला पहिली गाठ मारायला शिकवलं. माझे वडील गेले तेव्हा दहा दिवस आमच्या घरी डबा आणला. आणि समिधाचं वाईट करून त्यांना मिळणार काय?

"काहीच नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "म्हणून तर मला वाटतं, समिधाचा यात संबंधच नाही. मला सांग, वहीतून किती पानं गेली?"

"एक. सत्तेचाळीस."

"शेहेचाळीसनंतर एकोणपन्नास होतं ना?"

मी विज्ञान शिकवते. तरी कागदाला दोन बाजू असतात हे मला त्या रिक्षात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, नव्यानं कळलं.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. "मागच्या बाजूला कुणाची परीक्षा होती?"

"समिधाला विचारू."

समिधा माझ्या शेजारी बसली होती. तिनं आठवायला जरा वेळ घेतला. "माझ्यानंतर ऋजुता होती. पण तिचं काय झालं ते माहीत नाही. मी सुईत दोरा ओवत बसले होते ना."

हॉलमध्ये पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. सुमतीबाई थेट टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी फॉर्मच्या गठ्ठ्यातून ऋजुताचा फॉर्म काढला. गेल्या आठवड्यात भरलेला, अक्षर देवयानीताईंचं. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

फॉर्मवर प्रावीण्यपदकं सहा लिहिली होती. सहावं प्रथमोपचाराचं.

सकाळी मी स्वतः ऐकलं होतं. वर तीन, खाली दोन.

६

सुमतीबाईंनी ऋजुताला खिडकीत उभं केलं. पोरगी इतकी शांत होती की मला भीती वाटली. देवयानीताई "तिला कशाला?" म्हणत उठल्या आणि लेकीच्या बाहीकडे बघून जागीच थिजल्या. बिल्ला कमी आहे हे त्यांना तोपर्यंत दिसलंच नव्हतं. सकाळपासून त्या फक्त समिधावर नजर ठेवून होत्या.

"वरचे तीन बिल्ले हिनं शिवलेत, मोठे टाके, पांढरा दोरा मळलेला," सुमतीबाई भिंगातून बघत सांगू लागल्या. "खालच्या दोघांचे टाके तांदळाच्या कणीएवढे आणि दोरा कोरा. ते कालचे आहेत. आणि त्यांच्याखाली, बघ क्षिप्रा, मशीनच्या सुईची भोकं आहेत, सारख्या अंतरावर, गोलात. इथे तिसरा बिल्ला होता, मशीनवर मारलेला. तो काल उसवला गेला. त्या शिवणीचे तुकडे वहीत सापडले."

"म्हणजे बिल्ला आणि पान, दोन्ही एकाच माणसानं?"

"एकाच ब्लेडनं, एकाच बैठकीत. आता माणूस कोण ते बघू. देवयानीताई, तो बिल्ला कल्याणहून तुम्ही आणलात आणि शिवलात. हो ना?"

देवयानीताई खाली बसल्या.

"तू म्हणत होतीस की पान यांनी कापलं," सुमतीबाई माझ्याकडे वळल्या. "पण यांना तर सहावा बिल्ला हवा होता. त्याच्याशिवाय ऋजुता शिबिराला जात नाही. यांनी पान कापलं असतं, पण बिल्ला कशाला उसवला असता? ऋजुताला तो नको असता तर तिनं घरी, आठवडाभरात कधीही काढला असता. समिधाचा कुणी वैरी असता तर त्याला ऋजुताच्या बाहीशी काय करायचंय? काल इथे असा एक माणूस होता, ज्याला खोटा बिल्ला नातीच्या अंगावर सहन होत नव्हता, आणि ती नापास झाल्याची नोंदही कुणाला दिसायला नको होती."

मी सरांकडे बघायचं टाळत होते. मला ते ऐकायचं नव्हतं आणि कान बंदही करता येत नव्हते.

"तरीही मी बोलले नसते," सुमतीबाई म्हणाल्या. "पण बिल्ला काढल्यावर खालच्या रांगेत एका टोकाला रिकामी जागा राहिली. दुसरा कुणी असता तर तशीच सोडून पळाला असता. चोरी करून निघताना कुणी केर काढत बसतं का? पण या माणसानं उरलेले दोन बिल्ले उसवले, पट्टीनं अंतर मोजलं आणि मधोमध पुन्हा शिवले. पंचवीस मिनिटं घालवली त्यात. बाही वाकडी दिसलेली त्याला चालत नाही. सकाळी मी ज्या बाहीचं कौतुक केलं, तिच्यावर त्याची सहीच होती."

स्टीलची पट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

७

प्रभाकर सर उठून उभे राहिले. राखाडी शर्ट, कडक इस्त्री, डाव्या खिशाच्या बरोबर मध्ये बिल्ला. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढला आणि सुमतीबाईंच्या हातात दिला.

"जाळणार होतो," ते म्हणाले. "जमलं नाही. नोंद आहे ती."

पान सत्तेचाळीस, त्यांच्याच सुंदर अक्षरात. समिधा, प्रथमोपचार, उत्तीर्ण. मागे पान अठ्ठेचाळीस. ऋजुता, अनुत्तीर्ण, पुन्हा परीक्षा घ्यावी.

"काल माप घेताना हिच्या बाहीवर सहावा बिल्ला दिसला. मशीनची शिवण. मला कळलं. वाटलं, बिल्लाही नको आणि पानही नको, म्हणजे कुणी काही विचारणारच नाही. पोर गुपचूप मागे राहील. पुढची बाजू मी पाहिलीच नाही." ते समिधाकडे वळले. "सकाळी समिधानं पानाचा आकडा सांगितला तेव्हा कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी भ्यालो. अडीच तास भ्यालो."

मला त्यांचा इतका राग आला की डोळे भरले. पान कापल्याचा मला तेवढा राग नव्हता. ती पोर पिनेनं बिल्ला उचकटत होती आणि ते नियम सांगत उभे होते, हे मला सहन होत नव्हतं. मी ते तिथेच, सगळ्यांसमोर, तसंच्या तसं बोलून टाकलं. सरांनी ऐकून घेतलं.

"आई, मी नापासच झालेले," ऋजुता एकदम म्हणाली. "तुला सांगितलेलं. तू म्हणालीस, आजोबा बघून घेतील. सकाळी बाही पाहिली तर बिल्ला नाही. मला खूप बरं वाटलं. पण समिधाचं पान गेलं तेव्हा मला कळलेलं की हे कोणी केलं ते. मीपण गप्प बसले." आणि ती समिधासमोर जाऊन उभी राहिली. मग समिधानं हात मिळवायला डावा हात पुढे केला, आम्ही गाईड करतो तसा. ऋजुतानं तो दोन्ही हातांनी धरला.

सुमतीबाईंनी यादी ओढली. तीन नावं लिहिली, समिधाचं पहिलं. एक वाजून चाळीस मिनिटांनी सही झाली. देवयानीताई लेकीची पिशवी घेऊन दाराशी उभ्या होत्या. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांनाही ते बरंच वाटलं असावं.

प्रभाकर सर खुर्चीत बसले होते. त्यांनी टेबलावरचं ब्लेड घेतलं आणि स्वतःच्या खिशावरच्या बिल्ल्याखाली घातलं. टाका सापडेना. पात्याचं टोक दोनदा शर्टात रुतलं. पुढे जावं असं मला वाटलं, पण पाय हलला नाही. मी अजून रागात होते.

समिधा पुढे झाली. "सर, द्या इकडे. शर्ट फाटेल."

तिनं खुर्ची जवळ ओढली आणि एकेक टाका उसवत गेली. घाई नाही, ओढाताण नाही. दोऱ्याचे तुकडे वेचून तळहातावर घेतले. बिल्ला सुटून आला, तेव्हा खिशाच्या मधोमध नव्यासारखा करडा गोल राहिला. सर मान खाली घालून बसले होते, तपासणीत त्यांच्यासमोरची मुलं मान घालायची तशी.

तिनं बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला आणि वर पथकाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ ठेवलं.

"परत मिळवलात की इथेच शिवायचा, सर. सगळ्यांसमोर. तुमचीच रीत आहे," ती म्हणाली. "आणि सुई बोटात गेली तर पट्टी मी बांधेन."

सरांनी मूठ मिटली. त्यांनी मान डोलावली. मी बाहेर जाऊन महिपतला सगळ्यांसाठी चहा सांगितला.